उचलला की दिसतो

मी घरातला टेलिफोन बोलतोय. बोलणं हे माझं अर्धंच काम. माझा रिसीव्हर उचलला की पलीकडे आवाज जातो आणि सोबत खोलीचं चित्रही. चुगलखोर म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही.

मला घडवलं एका लेकीनं, तिच्या वडिलांसाठी. तिच्या टेबलावर मी कित्येक महिने उघडाबोडका पडून होतो. आधी मला 'चित्र पाठवू का?' असं विचारणारं एक बटण होतं. बाबा ते दाबायला विसरतात म्हणून तिनं ते काढूनच टाकलं. "त्यांना काही करायलाच लागू नये," ती म्हणाली. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. मीही फुशारलो.

बाबा म्हणजे जुने शिंपी, एकटे आणि टापटिपीचे. फोनसाठी वर इस्त्रीचा शर्ट चढवायचे, खाली तोच गुडघ्यावर झिजलेला पायजमा. "ठमे, मजेत आहे गं मी," ते लेकीला सांगायचे. आणि मी त्यांच्या खांद्यावरून तिला शेगडीवरचं करपलेलं पातेलं दाखवायचो.

असं दोनतीनदा झाल्यावर ती येऊन शेगडीच घेऊन गेली. "बाबा, घर पेटलं असतं." तिचंही चुकत नव्हतं. पण आपल्या हातचं खाणं हीच त्यांची उरलीसुरली ऐट होती आणि ती माझ्यापायी गेली. मग त्यांनी मला हात लावणं सोडलं. मी वाजलो की वर उशी दाबायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी ती धावत आली. "फोन का उचलत नाही तुम्ही?"

"मी बोलायला उचलतो गं. तू झडती घेतेस."

तिनं मान खाली घातली. त्याच दिवशी माझ्या डोळ्यावर सरकतं झाकण बसवलं. "आता तुमच्या मर्जीनं."

तेव्हापासून झाकण लावून रोज गप्पा होतात. बाबा खुलले होते. पण परवा ते न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट सुजून टम्म झालंय.

"कसे आहात?" तिनं आज विचारलं.

"ठणठणीत."

"मग झाकण उघडा की जरा."

"नको, शर्ट धुवायला टाकलाय."

ती हसली. बाबा रिसीव्हर बाजूला धरून कण्हले. खरखर गाळून स्वच्छ आवाज तेवढा पोचवायचा, असं तिनंच मला शिकवलंय. त्यांचं कण्हणंही मी खरखर समजून गाळून टाकलं.

आधी बोललो म्हणून गुन्हेगार होतो, आज गप्प राहिलो म्हणून आहे. ठमे, फोन ठेव आणि ये.