पहिल्या बाकावरचे फादर

फादर मत्तियास ऑस्ट्रियाहून इंदूरला आले तेव्हा जेमतेम तिशीचे होते. मिल एरियातल्या आमच्या शाळेत त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षं काढली. बस्तीत मराठी घरं पुष्कळ, म्हणून हिंदीच्या जोडीला मराठीही उचलली आणि आमच्यासारखेच एका वाक्यात दोन्ही बोलू लागले, मोठ्या माणसांना इंदुरी पद्धतीनं 'भिया' म्हणजे भाऊ म्हणू लागले. ते गणित शिकवत. खडूचे हात अंगरख्यालाच पुसायची सवय, त्यामुळे त्यांच्या उजव्या कुशीवर सगळे रंग असत.

माझे बाबा, दगडू, बावीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. ब्याण्णव साली मिलला कुलूप लागलं. तरी बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघत, बंद फाटकासमोर बसून राहत आणि संध्याकाळी परत येत. आईही डबा रोज भरून देई.

मी तेव्हा नववीत होते. एक दिवस बाबा शाळेत गेले आणि फादरांना म्हणाले, पंचशीलाचं नाव शाळेतून काढा, आम्ही हातोदला तिच्या मामाकडे शेतीच्या कामाला चाललो. फादरांनी त्यांना उद्या बघू म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःच मिलच्या फाटकाशी गेले आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले. तिथं काय बोलणं झालं, ते बाबांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

फादरांचे वडीलही विणकरच होते. त्यांच्या गावची गिरणी बंद पडली तेव्हा ते घरात बसून राहिले आणि हळूहळू बोलायचेच थांबले. फादर तेव्हा अकरा वर्षांचे.

"मी त्यांच्याजवळ बसायला पाहिजे होतं," ते बाबांना म्हणाले. "मी रोज खेळायला जात राहिलो."

मग त्यांनी कामाची गोष्ट काढली. शाळेच्या कोठीत एक हातमाग धूळ खात पडला होता. बाबांनी मुलांना विणकाम शिकवावं. बाबा म्हणाले, मी चौथी पास, वर्गात काय तोंड घेऊन उभा राहू?

"तुम्ही उभे राहा, दगडू भिया. मी पहिल्या बाकावर बसतो."

आणि खरंच बसले. गुडघे बाकात मावेनात म्हणून तिरके बसले. बाबा आमच्याकडे पाठ करून मागाचे धागेच सारखे करत राहिले, तसा फादरांनी हात वर केला आणि विचारलं, सर, धागा तुटला तर काय करायचं? बाबांनी गाठ मारून दाखवली. फादरांना ती जमेना. चार वेळा चुकले. आम्ही मुली हसलो, आणि मग बाबाही हसले. घरात सहा महिने कुणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आम्ही हातोदला गेलो नाही. बाबांचा वर्ग चालू राहिला, आणि मी पुढं गणितातच एमएससी केली.

सत्त्याण्णव साली फादरांचं हृदय कमजोर झालं आणि त्यांच्या संस्थेनं त्यांना मायदेशी बोलावलं. मरण आल्यावर त्यांना इंदूरच्या मातीतच विसावायचं होतं. तसं ते सगळ्यांना सांगत. स्टेशनावर बाबांनी स्वतः विणलेली चादर त्यांच्या खांद्यावर टाकली. गाडी हलायच्या आधी ते एवढंच म्हणाले, "तिकडे आता मला कोण ओळखतं?"

सात वर्षांनी ते गेल्याची बातमी आली. चर्चमध्ये प्रार्थना झाली. मी देवासहून आले होते; तिथल्या कॉलेजात मी शिकवते. प्रार्थना संपल्यावर बाबांनी नव्या फादरांची परवानगी घेतली आणि अंगणात बस्तीतल्या माणसांबरोबर हात जोडून त्रिशरण म्हटलं, आम्हा बौद्धांत कुणी गेल्यावर म्हणतात तसं. नवे फादर मान खाली घालून शेजारी उभे राहिले.

परतताना बाबा सरळ घरी आले नाहीत. मिलच्या मागच्या चाळींतून फिरत राहिले. बरीचशी घरं आता पक्की झाली होती, कितीतरी माणसं निघून गेली होती. एकेका दारापाशी ते थांबत, तिथं पूर्वी कोण राहत होतं आणि त्यातल्या कुठल्या मुलाला फादरांनी शाळेत आणून कोणत्या इयत्तेत बसवलं होतं, ते मला सांगत.