सोडून गेलेल्याच्या माथी

माझ्या लेकीने नोकरी सोडली, तेव्हापासून त्या कंपनीच्या ॲपमध्ये लोकांना जे जे खटकलं, ते तिच्या माथी मारलं गेलं. पैसे भरायचं बटण पार तळाशी नेलं, तेव्हा तर ती तिथे नव्हतीही. पुढे कंपनीने तिला परत बोलावलं. सगळे तोंड फिरवतील, अशी तिला धाकधूक होती.

शेजारच्या टेबलावरचा जुना सोबती म्हणाला, "ताई, तू परत येऊन आमची पंचाईत केलीस. आता कुणावर ढकलायचं?"

"मधे कोण सोडून गेलं?" लेकीने विचारलं.

"परवाच मोठे साहेब निवृत्त झाले."

"मग काळजी कसली? ते बटण त्यांनीच नेलं."

हशा पिकला, आणि कुणीतरी तिची खुर्ची आपल्या घोळक्यात ओढली. घरी हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.