पहिल्या झोंबीचा एक बूट

सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच सिनेमात काम केलं, आणि तेही मेल्यावर. म्हणजे सिनेमात मेल्यावर. साथीतला पहिला झोंबी म्हणून ते एकाच पायात बूट घालून दवाखान्यात शिरतात, डॉक्टर किंचाळतो, संपलं काम. बूट एकच का, तर दुसरा पायात शिरत नव्हता. पण सिनेमा डोक्यावर घेतलेल्या पोरांनी त्या बुटाचा इतका काथ्याकूट केला, की सिनेमाच्या कंपनीने त्याआधीची गोष्ट कॉमिकमध्ये काढायचं ठरवलं. काम आलं चित्रकाराकडे, म्हणजे त्यांच्याच जावयाकडे. दैवाला थट्टा करायला आपलंच घर सापडतं.

चेहरा सासऱ्यांचा, त्यामुळे त्यांच्या होकाराशिवाय पान हलेना. रोज ते टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसत आणि आपल्याला चावून झोंबी करणारे एकेक जण नापास करत. उंदीर नको, शेजारी नको, शास्त्रज्ञ तर मुळीच नको.

"कुणीही यावं आणि मला चावून जावं? पोस्टमन होतो मी. जन्मभर कुत्र्यांना दाद दिली नाही."

"मग कोण चावलं तर चालेल, बाबा? आज पानं गेली नाहीत, तर काम दुसऱ्याकडे जाईल."

आत्तापर्यंतच्या सगळ्या पानांत सासरे आणि सासूबाई नुसते चहा पीत होते. कंपनी विचारत होती, भीती कुठाय? सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, आणि कॉमिकमध्ये त्या अजून मोजे वाळत घालत होत्या. गोष्ट पुढे सरकली की त्या जाणार, म्हणून म्हातारा ती सरकू देत नव्हता. चित्रकाराला त्यांचा राग येत होता आणि भरूनही येत होतं.

"चावायचंच असेल, तर हिने चावावं," सासरे शेवटी म्हणाले. "परकं माणूस नको."

चित्रकाराने लगेच सासूबाईंचे केस पिंजारले, डोळे पांढरे केले. सासऱ्यांनी चष्मा लावला.

"दात कुठून आणलेत, जावईबापू?"

"दात?"

"संध्याकाळी कवळी पेल्यात असायची. तिच्याशिवाय हिला केळंसुद्धा जड जायचं. मला काय चावणार?"

"बाबा, कॉमिक आहे हो."

"म्हणून काय वाट्टेल ते काढायचं?"

मेलेली बायको चालते, बिनकवळीची चावत नाही. जावयाने कपाळावर हात मारला.

"शेवटच्या आजारपणात कवळी मीच धुऊन द्यायचो," सासरे हळूच म्हणाले. "घरी आलो, की बूट काढतोय तोवर हिची हाक. एक बूट दारात, एक पायात, तसाच धावायचो. मग घरात बूट आणला म्हणून बोलणी खायचो."

चित्रकाराने पेन्सिल उचलली.

शेवटच्या पानावर म्हातारा दारात बूट काढतोय. एक निघालाय. आतून गुरगुर येते. तो तसाच उठतो, नळाखाली कवळी धुतो आणि पांढऱ्या डोळ्यांच्या बायकोपुढे धरतो. ती कवळी बसवते, आणि बोट दाखवते त्याच्या बुटाकडे. पुढची चौकट काळी.

सासऱ्यांनी पान हातात घेतलं. डोळे पुसले.

"द्या पाठवून," ते म्हणाले. "फक्त पाणी कोमट दाखवा. गार पाण्याची कवळी हिच्या हिरड्यांना सोसायची नाही."

चित्रकाराने नळाखाली वाफेच्या दोन रेघा काढल्या आणि पानं पाठवून दिली.