सिनेटरबाई जिंकल्या असत्या तर

दिवाळी अंकासाठी मजकूर द्यायची शेवटची तारीख पंधरा ऑगस्ट, आणि आठ तारीख उजाडली तरी उपासना आणि नीलांबरी एकाच मुद्द्यावर अडून बसल्या होत्या. इतिहास नेमका कुठून वळवायचा?

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळाचा अंक म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. कविता, मुलांची चित्रं आणि सहा प्रवासवर्णनं, त्यातली चार एकट्या यलोस्टोनची. यंदा संपादक नीलांबरी होती आणि तिला काहीतरी खमंग हवं होतं. दोन वर्षांपूर्वी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिलेल्या एक सिनेटरबाई मिनेसोटाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात, अकराशे मतांनी हरल्या आणि आठवड्याभरात शर्यतीतून बाहेर पडल्या. त्या हरल्याच नसत्या तर? दहा पानांत बाईंना थेट व्हाइट हाउसच्या पायरीवर नेऊन सोडायचं, असा बेत होता. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची जाहिरातही करून झाली होती.

लिहिणार नीलांबरी, कारण तिची भाषा पुण्याची आणि हातही लिहिता. तपशील पुरवणार उपासना, कारण त्या कॅम्पेनमध्ये चार महिने ती राबली होती. उपासना मूळची नागपूरची, नोकरीनं सॉफ्टवेअर टेस्टर. टेस्टरची खोड अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि पुन्हा चालवून बघायचं. गोष्ट लिहायलाही तिनं हीच पद्धत लावली. मार्चमधल्या मतदानापासून मागं मागं जात एकेक दिवस तपासला.

"मग बर्फ बदलू या ना," नीलांबरी म्हणाली. "मतदानाच्या दिवशी स्टॉर्म आलंच नाही. वाचायलाही छान वाटेल."

"बर्फ सगळ्यांवरच पडलं होतं, नीलू. आमची माणसं घरी बसली ती बर्फामुळे नाही. त्या हॉलमधल्या सभेमुळे बसली."

"तू फिरून फिरून तिथंच येतेस यार."

येणार नाही तर काय करणार बिचारी. फेब्रुवारीतल्या त्या सभेत सिनेटरबाई जातीबद्दल एक ओळ बोलणार होत्या. ती ओळ उपासनानं स्वतःच्या अनुभवावरून लिहून दिली होती. इथल्या तिच्या पहिल्या ऑफिसात आपल्याच देशी माणसानं तिला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली वस्ती, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या जेवणाला बोलावणं बंद केलं. हे तिनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते फक्त नीलांबरीला, आणि तिच्याच स्वयंपाकघरात बसून दोघींनी त्याचं इंग्रजी नीट केलं होतं. नीलांबरीचे डोळे तेव्हा भरून आले होते, हेही खोटं नाही.

त्या ओळीच्या भरवशावर उपासनानं तिथल्या बौद्ध विहारातली साठ माणसं सभेला गोळा केली. विहाराचं काम बघणाऱ्या कुशलची आई गिरजाबाई गुडघे दुखत असताना पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. आणि सिनेटरबाई योगाबद्दल बोलल्या, समोशाबद्दल बोलल्या, टाळ्या घेऊन निघून गेल्या. ती ओळ आलीच नाही. साठ माणसं मान खाली घालून आपापल्या गाड्यांकडे गेली, आणि त्यांच्या शब्दावर पडणारी हजार-दीड हजार मतंही तिथंच गेली.

उपासनानं दुसऱ्या दिवशी कॅम्पेन सोडलं. पत्रात कारण लिहिलं नाही. कशाला लिहायचं, त्यांना काय ठाऊक नव्हतं? तिनं मनाशी पक्कं केलं की बाईंनी दगा दिला. त्यानंतर विहारातल्या लोकांनीही हळूहळू तिला टाळायला सुरुवात केली. चौदा एप्रिलच्या कामांच्या यादीत दरवर्षी असणारं तिचं नाव नव्हतं. रविवारच्या वंदनेला गेली की सगळे जयभीम म्हणायचे, आणि तेवढंच. आपण यांना तोंडघशी पाडलं, म्हणून हे रागावलेत, असं समजून तीच जायची बंद झाली. एवढ्या मोठ्या गावात जिवाभावाची एक नीलांबरी तेवढी उरली होती.

तर ती ओळ नेमकी कधी कापली गेली, हे गोष्टीसाठी हवं होतं. तारीख कळली की तिथून इतिहास वळवता येईल. म्हणून नवव्या तारखेला दुपारी उपासनानं राजला फोन लावला. राज तेव्हा सिनेटरबाईंची भाषणं लिहायचा, आता टेक्सासमधल्या प्लेनोला एका कंपनीत आहे. त्याचं मराठी आजीशी बोलण्यापुरतं, त्यामुळे तो इंग्रजीतच बोलला.

"ती ओळ? सभेच्या आदल्या दिवशी काढली," तो म्हणाला. "तूच काढायला सांगितली होतीस ना?"

"मी?"

"म्हणजे नीलांबरीमावशीचा कॉल आला होता. तुला भीती वाटतेय, ऑफिसात त्रास होईल, आणि स्वतः सांगायला लाज वाटतेय, असं म्हणाली. तुला अवघडायला नको म्हणून मी विषय काढला नाही. सभेनंतर कुशल विचारत होता, त्यालाही मी तेच सांगितलं. काही चुकलं का?"

पोरगं खरंच काळजीनं विचारत होतं. नाही, काही नाही, असं म्हणून उपासनानं फोन ठेवला.  सिनेटरबाईंना दोन वर्षं दिलेल्या शिव्या फुकट गेल्या होत्या. आणि विहारातल्या लोकांना वाटत होतं की तिनं स्वतःच कच खाल्ली. त्यांना पुढं बसवून स्वतः पळ काढला. संतापापेक्षा तिला लाज जास्त वाटली, न केलेल्या गोष्टीची लाज.

ती तशीच नीलांबरीकडे गेली. नीलांबरी ओट्याशी भेंड्या पुसत होती.

"बस गं, चहा टाकते. स्टॉर्मचा भाग लिहून झाला."

"राजला फोन तू केला होतास?"

कुठला फोन, असं नीलांबरीनं विचारलं नाही. हातातली भेंडी तिनं ताटात ठेवली.

"ते आता कशाला उकरायचं?"

"केला होतास की नाही?"

"केला होता." मग ती भराभर बोलायला लागली. हॉल मंडळानं बुक केला होता आणि तिचा नवरा देवदत्त तेव्हा मंडळाचा अध्यक्ष. कमिटीतल्या चौघांनी त्याला घरी येऊन बजावलं होतं, की स्टेजवरून जातीचं काही निघालं तर आम्ही कॅमेऱ्यांसमोर उठून जाऊ. "माझ्या नवऱ्याची काय अवस्था झाली असती, सांग ना. आणि लोक तुलाच बोलले असते. मी तुलाही वाचवलंच की."

"मग देवदत्तच्या नावानं सांगायचंस. तुझ्या नावानं सांगायचंस. माझ्या नावानं का?"

"माझं कुणी ऐकलं नसतं," नीलांबरी म्हणाली. "ओळ तुझी होती. तुझं नाव घेतल्यावर लगेच ऐकलं."

इतकं सरळ सांगितलं तिनं, जणू भाजीचा भाव सांगावा. उपासनाला वाटलं होतं ती रडेल, निदान नजर तरी चुकवेल. तसं काही झालं नाही. दोन वर्षं ही बाई शेजारी बसून चहा पाजत होती, विहारातले लोक कसे आखडू आहेत म्हणून समजूत घालत होती, आणि आता दोन दिवस बर्फ बदलू या, बर्फ बदलू या म्हणत होती.

"तो दिवस परत आला तर?" उपासनानं विचारलं.

नीलांबरीनं विचार केला. प्रामाणिकपणे केला, हेच वाईट. "केला असता गं फोन. पण तुला आधी सांगितलं असतं."

"विचारलं नसतंस?"

नीलांबरीनं ताटातली भेंडी परत पुसायला घेतली. उपासना उठली आणि चपला घालून बाहेर आली. मागून अंकाच्या पानांचं काय करायचं, असं काहीतरी ऐकू आलं. 

घरी पोचल्यावर तिनं कुशलच्या घरी फोन लावला. गिरजाबाईनंच उचलला.

"मावशी, जयभीम. मी उपासना."

"जयभीम, माय. किती दिवसांनी आठवण आली." म्हातारीचा आवाज तसाच मऊ होता.

उपासनानं सगळं सांगितलं. ओळ आपण काढली नाही, दुसऱ्याच बाईनं आपलं नाव सांगून काढायला लावली, आपल्याला आज कळलं.  गिरजाबाईनं मध्ये तोंड घातलं नाही.

"झालं सांगून?" मग ती म्हणाली. "हे पाय, आम्ही मनात नाही ठेवलं काही. नोकरीच्या गावी माणसाला भ्यावं लागते. मी तर कुशलले तेव्हाच म्हटलं, पोरीले बोलू नको."

"पण मी भ्याले नव्हते, मावशी. मी सांगितलंच नव्हतं."

गिरजाबाईला भलतंच आठवलं. "कुशल सांगत होता, त्या दिवसाची गोष्ट लिहून राहिली म्हणे तू. वेगळं घडलं असतं तर कसं, अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. तेच वाचून दाखवून राहिली ना मले?"

"नाही मावशी. हे खरं आहे."

"चांगली लिहिली, माय," गिरजाबाई मायेनं म्हणाली. "अशीच लिही. जेवली का?"

उपासनानं पदरानं डोळे पुसावेत तर अंगावर टी-शर्ट होता. तिनं बाहीनंच पुसले आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली.