छगनराव सांडले

आधीच सांगून ठेवते, नवऱ्याचं नाव मी घेत नाही. ह्या गोष्टीत ते जागोजागी येणार आहे, त्याला माझा इलाज नाही. पण जिथं येईल तिथं दुसऱ्याच्या तोंडचं असेल, असं धरा. पाप लागलंच तर ज्याच्या तोंडचं त्याला लागू दे.

लढाईच्या आधीची गोष्ट. सासूबाईंना घेऊन आम्ही नवरा-बायको शिंदखेड्याहून जळगावला आलो आणि एका गिरणीच्या रंगखात्यात कामाला लागलो. सूत धुवायचं, रंगवायचं, वाळवायचं. तिथं रंगापेक्षा विषंच फार. सगळ्यात वाईट गंधकाचं तेजाब. कमरेइतके उंच काचेचे बुधले, पेंढा भरलेल्या बांबूच्या टोपल्यांत बसवलेले. दिसायला गोडं तेल, आणि अंगावर पडलं की कातडी शिल्लक ठेवत नाही. हे बुधले खालच्या अंगणातून कप्पीनं वरच्या माळ्यावर चढवायचे. दोर ओढणारे गडी भिंतीपलीकडं, त्यांना बुधला दिसायचा नाही. तो भिंतीवर आपटू नये म्हणून बरोबर त्याच्या खाली उभं राहून, त्याला बांधलेल्या आडदोरीनं सांभाळणारे आमचे हे. आणि वरच्या दारात मी, "ओढा", "थांबा", "सोडा" ओरडायला. माझा आवाज मोठा. सासूबाई म्हणायच्या, हिला गिरणीच्या भोंग्याच्या जागी बसवा.

रंगमास्तर रतिलाल बडोद्याचा. माणूस चांगला, पण फार शिकलेला. बुधल्यावरच्या इंग्रजी चिठ्ठ्या वाचणारा आख्ख्या खात्यात तो एकटा. म्हणून त्यानं तेजाबाच्या कोठीवर कवटी आणि दोन हाडं काढली आणि सांगितलं, हे दिसलं की लांब राहायचं. आठवडा झाला नाही तर कवटीला शेंदूर लागला. मग नारळ फुटायला लागले. खात्यातल्याच चिंधाची बायको सुंदरबाई तर तान्ह्या पोराला पायावर घालायला घेऊन आली. कवटीला पाय नव्हते, पण हाडं होती ना, तिथं घातलं. मास्तर पुसायला गेला तर कोणी पुसू देईना. "जागृत शे," म्हणाले.

मग त्यानं दुसरी युक्ती काढली. सगळ्यांना ओळीनं बसवून विचारलं, "या खात्यात सगळ्यात तापट कोण?"

बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, आमच्या ह्यांच्याकडं बोट केलं. खोटं का बोलू, खरंच होतं. हे भडकले की समजूत घालायला जाऊ नये, आणखी भडकतात.

"झालं तर," मास्तर म्हणाला. "हे तेजाब म्हणजे छगन. याच्यावर पाणी ओतलं की उसळतं. समजूत घालायची नाही, लांब व्हायचं." मग कॉस्टिक सोडा म्हणजे चिंधा. पांढरा, गरीब दिसतो, पण चिकटला की सोडत नाही. ब्लीचिंगची पावडर म्हणजे आमचा कारकून जवरीलाल. जवळ गेलं की श्वास कोंडतो.

काय सांगू तुम्हाला! कवटीनं जे झालं नाही ते एका दिवसात झालं. बायाबापड्या घडाघडा सांगायला लागल्या, छगनवर पाणी टाकू नका, चिंधाला उघड्या हातानं धरू नका, जवरीलालजवळ तोंडाला फडकं बांधून जा. चिंधा मात्र रुसला. छगनला बुधला आणि मला पोतं का, म्हणून भांडला. आमचे हे छाती काढून हिंडायला लागले. सगळ्यात जालीम विषाला आपलं नाव, मान काय लहान होता?

मास्तरनं आणखी एक नियम घातला. नुसतं "पळा" ओरडायचं नाही. कारण आपल्याकडं "पळा" म्हटलं की माणसं आधी काय झालं ते बघायला पळत येतात. म्हणून काय सांडलं त्याचं हे नवं नाव घ्यायचं, तेजाब-बिजाब म्हटलेलं चालायचं नाही. नाव ऐकलं की पळायचं, नाव ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आणि ओरडायला वरच्या दारात कोण? मी!

"मंजुळाबाई," मास्तर म्हणाला, "बुधल्याकडं बोट करतो. सांगा, काय हे?"

"आमच्या घरातले," मी म्हटलं.

"नाव?"

मी पदर तोंडाला लावला. बाया खुसुखुसु हसल्या. मास्तरला वाटलं मला धडा आला नाही, म्हणून तो परत पहिल्यापासून शिकवायला लागला. शेवटी सुंदरबाईनंच त्याला समजावलं, की नवऱ्याचं नाव असं सरळ घेत नसतात, उखाण्यात घेतात. मास्तर हैराण. म्हणाला, "मग उखाण्यात घ्या, पण घ्या!" मी घेतला:

"चांदीच्या ताटात जळगावची केळी,
छगनराव सांडले, पळा ह्याच वेळी."

टाळ्या पडल्या. पुढं मुंबईचा इन्स्पेक्टर तपासणीला आला, त्याच्यासमोरही घेतला. त्याला तो इतका आवडला की परत घ्यायला लावला. शेरा चांगला मिळाला, मास्तर खूश. कोणाच्या डोक्यात आलं नाही की बुधला उखाणा संपेपर्यंत हवेत थांबत नाही.

माझ्या आलं होतं. रोज त्या दारात उभी राहून मी खाली बघायची, तर बुधल्याच्या बुडाखाली ह्यांचं डोकं. वाटायचं, ह्या माणसाचा जीव माझ्या जिभेवर टांगलाय आणि जीभ तर वळत नाही. घरी कोणी नसताना मी ते नाव घेऊन बघायची. चुलीपुढं बसून तोंड उघडायची, पहिलं अक्षर यायचं आणि खोकला यायचा. एकदा सासूबाईंनी पकडलं. "काय करी राहिनी व?" मी खरं ते सांगितलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं रांडके, बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य झिजतं! मना पोरगा मारशी का?" म्हणजे घेतलं तरी मारते, नाही घेतलं तरी मारते. इकडं आड तिकडं विहीर. मास्तरला म्हटलं, बाबा, माझ्या जागी दुसरी बाई उभी कर. तर तो म्हणे, तुमच्याइतका आवाज कोणाचा नाही. ह्यांना म्हटलं, तेजाबाचं नाव बदलून घ्या. हे भडकले. "मन्हं नाव सोडू? मग काय त्या चिंध्याले देऊ?"

आणि एक दिवस जे व्हायचं ते झालंच.

बुधला निम्म्यावर आला होता. मी बघते तर टोपलीचं बूड काळं पडलेलं. बुधला कुठंतरी पाझरत होता आणि बांबू जळून चालला होता. पेंढ्याच्या दोन काड्या सुटून खाली ह्यांच्या खांद्यावर पडल्या. ह्यांनी झटकल्या, वर बघितलंही नाही.

"थांबा!" मी ओरडले. गड्यांनी दोर खुंट्याला अडकवला, बुधला तिथंच लोंबकळला. "पळा! पळा हो सगळे!"

खालून चिंधा ओरडला, "कोण सांडलं ते सांगा ना, वहिनी!" शिकवलं होतं ना तसं. कोणी जागचं हललं नाही. आग लागो त्या शिकवण्याला!

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "चांदीच्या ताटात..."

झालं! अंगणातले सगळे काम सोडून वर बघायला लागले. उखाणा म्हटल्यावर कोण जाईल हो? सुंदरबाई हसत पुढं आली. आमचे हेसुद्धा आडदोरी धरून, मान वर करून, मिशीला पीळ देत ऐकायला लागले. बुडाचा एक बांबू कट्‌कन तुटला. "जळगावची..." मी म्हटलं, आणि जळगावचं काय ते मला आठवेना. जन्मात कधी केळं बघितलं नसावं तशी मी आठवत राहिले. आणि मग कसं काय झालं देव जाणे, माझ्या बेंबीपासून आवाज आला.

"छगन!"

अंगण रिकामं झालं. चिंधा भिंतीवरून गेला, सुंदरबाई पोराला काखेत मारून फाटकातून गेली, मास्तर एक चप्पल टाकून गेला. असं चोख काम इन्स्पेक्टरसमोरही झालं नव्हतं. फक्त एक माणूस जागच्या जागी उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "ओ?"

बाकीच्यांसाठी ते तेजाब होतं. ह्यांच्यासाठी ती हाक होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोनं हाक मारली, माणूस ओ देणारच ना! तोंडावर इतकं नवल, इतका भोळेपणा, की माझं काळीजच फाटलं. आणि वर टोपलीचं बूड उलगडत होतं.

"अरे छगन्या!" मी किंचाळले. "मुडद्या, पळ ना तिथून!"

बस्स. भडकले. "कोणले मुडदा म्हणस व?" आडदोरी फेकली, धोतर खोचलं आणि मला मारायला जिन्याकडं धावले. दुसऱ्या पायरीवर पाय पडला आणि मागं बूड निसटलं. बुधला फुटल्याचा आवाज ऐकून गाव हादरलं असेल. जिथं हे उभे होते तिथली फरशी उकळायला लागली. धूर उठला. आडदोरीचा पत्ता लागला नाही.

हे वर आले, हात उगारलेला. माझ्या पुढ्यात येऊन मागं बघितलं. उगारलेला हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला, आणि माणूस मटकन पायरीवर बसला. मी शेजारी बसले आणि ढसाढसा रडले. माझा नवरा जिवंत होता. आयुष्य झिजलं तर झिजू दे, होतं तर खरं झिजायला!

हे हलकेच म्हणाले, "आखो एक डाव ते नाव म्हण."

मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं आणि खोकला आला. आता समोर तेजाब नव्हतं, नुसता नवरा होता. कसं घेऊ?

मग ह्यांनीच घसा खाकरला. आमच्याकडं पुरुषही बायकोला नावानं हाक मारत नाहीत, "ऐकलं का" नाहीतर "अगं" म्हणतात. हे अंगणाकडं बघत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मंजुळा."

खाली लोक नुकतेच फाटकातून परत यायला लागले होते. ते नवं नाव ऐकलं मात्र, आता हे कुठलं विष सांडलं म्हणून पुन्हा सगळे पळाले. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.