पासातली पाचवी जागा

"ह्या पेल्याला कुणाच्या तरी कालच्या रश्श्याचा वास येतोय," नागम्मा तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, आणि मेलेली पाल उचलून ठेवावी तसा त्यांनी तो स्टीलचा पेला टेबलाच्या कडेला ठेवला.

शिवप्रियानं पेला उचलला, घरच्या बाटलीतलं पाणी घालून खळबळला आणि मागच्या नालीत ओतला. सासूबाईंच्या नाकाशी वाद घालायचा नसतो, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती. शिवाय वास खरंच येत होता. नळदुर्गच्या हायवेवरच्या ह्या ढाब्यावर माणसाएवढ्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं होतं आणि मोरीपाशी अंड्यांच्या टरफलांचा ढीग पडला होता. गाडीतून उतरल्या उतरल्या नागम्मांना आधी तो ढीगच दिसला. मग त्यांनी चहासुद्धा नको म्हटलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या होत्या; झाकण उघडलं तर इथली हवा आत शिरेल अशा.

टेबलावर रेक्झिन होतं. त्याला हात चिकटत होता आणि सोडवताना चर्र आवाज येत होता. ट्रक आला की सगळ्या माश्या एकदम उठायच्या आणि ट्रक गेला की परत आपापल्या जागी बसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत करिश्माला पुणं दाखवायचं, एवढंच मुळात ठरलं होतं. सास्तूरहून महांतेशनं गाडी काढली; मागे त्याची आई, बायको आणि नऊ वर्षांची करिश्मा. शिवप्रियाचे वडील उमाशंकर धाराशिवहून एसटीनं नळदुर्गला येऊन थांबले होते. त्यांच्या बायकोचे गुडघे गेलेले, म्हणून ते एकटेच आले होते. पण एकटा माणूस जेवढी जागा घेतो त्यापेक्षा जास्त जागा ते नेहमीच घेत. भांड्याचं दुकान आता मुलाकडं होतं. त्यामुळं दिवसभर गिऱ्हाइकांवर खर्च होणारा उत्साह सध्या नातेवाइकांवर खर्च होत असे.

आज त्यांनी पास आणला होता. म्हणजे फोनवर शोधून ठेवला होता. शहरातली पाच संग्रहालयं, एकच पास, दोन दिवस. सगळ्या कुटुंबाचा मिळून. दुपारच्या आत काढला तर सवलत.

"वेगवेगळी तिकिटं काढणारा माणूस म्हणजे सुट्टे दाणे विकत घेणारा माणूस," ते म्हणाले.

महांतेश हळूच म्हणाला की पोरगी दुसऱ्या ठिकाणीच कंटाळेल. दोन जागा निवांत बघू, एखाद्या बागेत बसू, आईला पण दम खाता येईल. त्यावर उमाशंकरनी त्याला पासाचं मर्म समजावून सांगितलं. पाचही माणसं पाचही ठिकाणी गेली तरच हा पास परवडतो. एक माणूस एका ठिकाणी बाहेर बसला की गेला फायदा. हे ते अशा काही कळकळीनं सांगत होते की एखाद्याला वाटावं, बाहेर बसणारा माणूस त्यांच्या खिशातच बसणार आहे.

शिवप्रियाला ही कळकळ लहानपणापासून ठाऊक होती. महाबळेश्वरला अप्पांनी दाट धुक्यात एकूणएक पॉइंट करायला लावले होते. दिसला एकही नाही; पण चुकलाही नाही. लग्नाच्या पंगतीत ते जिलबी आवडत नसताना खात. बाहेर पडलं की वसूल झालं पाहिजे. आईला त्याचं कौतुक होतं. शिवप्रियालाही एकेकाळी होतं.

त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक ठिकाण वाचून दाखवलं. जुनी नाणी. शस्त्रं. छोट्या आगगाड्या, त्या करिश्मासाठी. मग जुन्या भांड्यांचं दालन, तिथं त्यांचा आवाज ओला झाला. आणि मग त्यांनी फोन खिशात ठेवला.

"आज्जा, पाचवं राहिलं," करिश्मा म्हणाली.

"असंच काहीतरी विज्ञानाचं आहे."

पण तिनं तोवर खिशातून फोन ओढला होता. शाळेत प्रकट वाचनात तिचा पहिला नंबर येत असे. तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "भूकंपघर. पायाखालची जमीन हादरते तेव्हा काय होतं? थरार अनुभवा, सहकुटुंब."

खाली फोटो होता. चौघंजण कठड्याला धरून उभे, केस उडालेले, तोंडं उघडी. हसत होते.

महांतेश उठला आणि गाडीच्या चाकातली हवा बघायला गेला. हवा त्यानं सास्तूरहून निघतानाच भरली होती.

त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे त्यांचं दगडामातीचं घर बसलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला ओढून काढलं. त्याच्याच वाकळेत झोपलेली मोठी बहीण, गंगा, ती तेवढी राहिली नाही. त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला पुरतात, बसवून, हातात लिंग देऊन. पण तेव्हा कोण कुणाचं, कुणात काय रीत, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. घरांचीच लाकडं ओढून एकेका ढिगात गावानं गाव जाळला. पुनर्वसनाच्या नव्या सास्तुरात शेताच्या बांधावर सासऱ्यांची समाधी आहे. शेजारी एक हातभर जागा नागम्मा कायम झाडून ठेवतात. तिथं काहीच नाही. कुणी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

"नाही, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न येईल," शिवप्रिया म्हणाली. "आईंना उभं राहवणार नाही."

"व्हय, गुडघे," नागम्मा म्हणाल्या.

महांतेश परत आला आणि तोही म्हणाला की आईचे गुडघे दुखतात. बराच वेळ सगळे नागम्मांच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिले. कुठलं तेल लावावं हेही निघालं. ते गुडघे रोज शेतापर्यंत जाऊन येतात, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं.

उमाशंकरना वाटलं, अडचण सुटली.

"मग धरायला कठडा आहे की. फोटोत दिसतोय. दोन मिनिटांचा तर खेळ. विहीणबाईंनी डोळे मिटून घ्यायचे, झालं."

शिवप्रियानं रेक्झिनवरचा हात सोडवला. चर्र आवाज झाला.

नागम्मांनी करिश्माच्या हातातला फोन जवळ घेतला. फोटो बघताना त्यांच्या नाकाची पाकळी पेल्याच्या वेळी हलली होती तशीच हलली.

"ही माणसं हसाय का लागलीत?"

"मजा येती म्हणून," करिश्मा म्हणाली.

"पैसे देऊन?"

"लोकांना बघायचं असतं हो," उमाशंकर घाईनं म्हणाले. "बघितल्याशिवाय कळत नाही माणसाला. आता आम्हीच तेव्हा..."

आणि थांबले. चहाचा कप त्यांनी तोंडाला लावला. कप रिकामा होता.

ते 'तेव्हा' शिवप्रियाला तोंडपाठ होतं. माहेरी पाहुणे आले की आई ती गोष्ट रंगवून सांगायची. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी सगळं धाराशिव बघायला निघालं होतं, मग अप्पांनीही भाड्यानं जीप केली. कडक भाकरी, चटणी, केळी बांधून घेतली. शिवप्रिया वर्षाची, आईच्या मांडीवर. सास्तूरच्या अलीकडं पोलिसांनी गाड्या अडवल्या. एवढं लांब येऊन काहीच दिसेना. तर अप्पा जीपच्या टपावर चढले, हात देऊन आईलाही वर घेतलं आणि लांबवर उठलेला धूर दाखवला. मग एका बाभळीखाली बसून भाकरी खाल्ली. पाण्याची मात्र फार पंचाईत झाली, असं म्हणून आई गोष्ट संपवायची, आणि पाहुणे पाण्याबद्दल हळहळायचे.

सोयरीक जमली त्या बैठकीत अप्पा उत्साहात बोलून गेले होते, सास्तूर होय, सास्तूर आम्ही बघितलंय की, तेव्हाच. नागम्मांनी "बघितलं असंल" एवढंच म्हटलं आणि साखरेची वाटी पुढं केली. त्यानंतर आजतागायत दोन्ही घरांत सगळे सगळ्यांशी गोड बोलत आले होते. साखर पुरवून पुरवून वापरली होती.

शिवप्रियाचा फोन वाजला. उमाशंकरनी मघाशीच सगळ्यांची नावं घालून ठेवली होती; आता आपला फोन परत घेऊन त्यांनी पैशाचं बटण दाबलं होतं. पैसे शिवप्रियाच्या खात्यातून जाणार होते, म्हणून ओटीपीचे आकडे तिच्या फोनवर आले.

"सांग पटकन," ते म्हणाले. "लवकर नाही घातले तर पुन्हा पहिल्यापासून."

महांतेशनं बायकोकडं बघितलं नाही. तो रेक्झिनच्या फाटलेल्या कोपऱ्यातून बोटानं कापूस काढत होता. तिनं 'नको' म्हणावं असं त्याला वाटत होतं आणि ते त्याच्यामुळं म्हटलं असं व्हायला नको होतं. हे तिला त्या बोटावरून कळलं.

मग नागम्माच बोलल्या. सुनेची अडचण झालेली त्यांना खपत नसे.

"दे गं आकडे. उगं बापाचा हिरमोड कशाला? म्या जाईन आत. दोन मिनटं तर हाय."

"बघा!" उमाशंकर सुटल्यासारखे हसले. "त्यांचं काही नाही. आपणच बाऊ करतो."

नागम्मांनी डब्यावरचा हात काढला नव्हता. झाकण न उघडताही आता त्यांना कसलातरी वास येत असावा, कारण त्यांनी पदर नाकाला लावला आणि रस्त्याकडं तोंड केलं. ट्रक गेला. माश्या उठल्या, बसल्या.

शिवप्रियानं फोन उचलला. आकडे अजून दिसत होते. तिनं तो टेबलावर पालथा ठेवला, चहा सांडला होता तिथंच.

"अप्पा, पाचवी जागा आपली बघून झालीय."

"कुठली?" उमाशंकरनी विचारलं. पण त्यांचा आवाज आधीच बारीक झाला होता. "कधी?"

"मी आईच्या मांडीवर होते तेव्हा," ती म्हणाली. करिश्मा ऐकत होती. शिवप्रियानं तिला तिथून उठवलं नाही. "तुम्ही टपावर चढून आईला धूर दाखवलात ना, अप्पा. त्या धुरात गंगाअक्का होती."