ओतणाऱ्याचे नाव

"एकशे बहात्तर... एकशे चौऱ्याहत्तर... सावकाश, पाक! एकशे ऐंशी!"

हेंकीचे बोलणे संपायच्या आत कॉम्प्युटरचा पडदा गोठला. आकडे जिथल्या तिथे थांबले, पंख्यांची घरघर तेवढी उरली. वारसितोने स्टीलचा फ्लास्क टेबलावर ठेवला आणि उजवा हात पाठीमागे नेला.

"सातवं मिनिट," हेंकी म्हणाला. "मघाशी निदान नवव्यापर्यंत गेलो होतो."

"हात अवघडला, को."

"या आठवड्यात गाई फार झाल्या वाटतं?"

काउंटरवरून हेंकीची बायको लिली हसली. वारसितोही हसला. हेंकी त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान, तरी तो त्याला 'को', म्हणजे दादाच म्हणायचा आणि लिलीला 'चिचि', म्हणजे ताई; हेंकी त्याला 'पाक', म्हणजे काका.

जावा बेटावरच्या मलांग शहरात, एका गल्लीत हेंकीचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान होते. वारसितो डोंगरावर, पुजोनच्या एका दूध संघात नोकरीला. गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात, त्याच्या टाक्या गावोगाव पोचवायच्या, नळ्या काढून द्यायच्या, हे काम तो तीस वर्षे करत होता. चौदा वर्षांपूर्वी हेंकीने संघाकडून एक टाकी मागवली. ती उतरवून वारसितोने दुकानभर पाहिले आणि विचारले, "गाय कुठंय?"

"ही काय," म्हणत हेंकीने टेबलावर उघडा मांडलेला कॉम्प्युटर दाखवला.

प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा पेला बसवायचा, त्यात नायट्रोजन ओतत राहायचे आणि बनवणाऱ्याने नेमून दिलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे त्याला पिटाळायचे. पारा शून्याखाली एकशे सत्तर ते एकशे शहात्तर यांच्यामध्येच हवा. जास्त गार झाला तर प्रोसेसर मान टाकतो, जरा कमी झाला तरी टाकतो. "संघाच्या सगळ्या गाईंपेक्षा हिचे नखरे जास्त," असे म्हणत वारसितो त्या दिवशी थांबला, तो चौदा वर्षे दर शनिवारी येत राहिला. कळा हेंकी दाबायचा, ओतणारा हात वारसितोचा. असा हात साऱ्या जावामध्ये नाही, असे हेंकी सगळ्यांना सांगायचा. प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या जुन्या चाचणीच्या जागतिक यादीत ते सहावे होते. म्हणजे हेंकी होता. ओतणाऱ्यासाठी त्या यादीत रकानाच नव्हता.

आज सकाळी दहाला नवा बेंचमार्क, म्हणजे वेगाची नवी चाचणी, खुला झाला होता. या छंदाची माणसे जगभर त्यासाठी टपून बसलेली. जुन्या यादीतले वरचे क्रमांक वर्षानुवर्षे अडवलेले असतात; नवी चाचणी आली की यादी कोरी. हेंकीला रात्रभर झोप नव्हती. शिवाय ही चाचणी कडक. जुनी आठ सेकंदांत आटपायची, ही अकरा मिनिटे चालते. निकाल परस्पर यादीत जातो आणि नंतर कोणालाही त्यात खाडाखोड करता येत नाही. जुन्या यादीत बनवाबनवी फार झाली होती, म्हणून ही तजवीज.

आणि हिच्या अर्जावर दोन रकाने होते : चालवणारा आणि ओतणारा. सकाळी हेंकीने दुसऱ्यात 'वारसितो, मलांग' असे लिहिले, तेव्हा वारसितो चष्मा पुसून ते तीनदा वाचून आला होता. बायकोला त्याने अजून सांगितले नव्हते. यादीत लागले की तिला दाखवायचे, असे ठरवले होते.

उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे वर्षभरापासून बधिर होती, हे मात्र त्याने कोणालाच सांगितले नव्हते. सदऱ्याची बटणे तो आरशात बघून लावायचा. आठ सेकंद डोळ्यांच्या भरवशावर निभत होते. अकरा मिनिटे ओतायचे तर फ्लास्क किती कलला, आत किती उरले, हे हातालाच कळावे लागते.

"बँकॉकवाले पहिले आले," लिली यादी पाहत म्हणाली. "आपल्या गटात आता दोन नावं."

हेंकीने टाकीत डोकावले. "एका खेपेपुरतं आहे." तो रागावला नाही. त्याने वारसितोची खुर्ची नीट सरकवून दिली. वारसितोला वाटले, याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याने फ्लास्क भरला आणि लिलीपुढे धरला. "चिचि, तुम्ही ओता."

"मी? अहो, माझ्या हातून साधं सूप वाटीबाहेर सांडतं!"

"चौदा वर्षं बघताय. मी आकडे सांगतो, तुम्ही फक्त ऐका."

"पाक, काहीतरीच काय?" हेंकी म्हणाला.

"आज हात जमत नाहीये, को. कळ दाबा."

वारसितो आकडे सांगत राहिला. "थेंब थेंब... थांबा... आता जरा... असंच." लिलीने जीभ दातांत धरलेली. सातवे मिनिट गेले, नववे गेले. अकराव्याला पडद्यावर हिरवी पट्टी पुरी झाली आणि निकाल उमटला. तिसरा क्रमांक.

हेंकीने लिलीला उचललेच. "सोडा हो, दुकान आहे!" ती ओरडली. मग पडद्याकडे पाहून थांबली. तिथे लिहिले होते : चालवणारा हेंकी, ओतणारा वारसितो.

"को, नाव बदला. चिचिंचं घाला."

"बदलत नाही ते, पाक."

"अहो, पण मी ओतलं नाही."

"नाव चुकलं म्हणून कळवलं तर निकालच रद्द होईल. आणि टाकीत थेंब नाही. पुढची टाकी येईपर्यंत यादी भरलेली असेल."

"असू दे नं पाक, माझं काय अडलंय नावावाचून?" लिली म्हणाली. हेंकीचा फुललेला चेहरा पाहून वारसितोने तो विषय सोडला. निरोप येऊ लागले होते. निकालासोबत गेलेला तापमानाचा आलेख पाहून बँकॉकच्या ओतणाऱ्याने लिहिले होते : अकरा मिनिटांत दोन अंशांचा फरक नाही! गुरुजी, तो हात एकदा बघायचा आहे.

"फोटो टाकायलाच हवा," हेंकी म्हणाला. "वीस मिनिटांच्या आत. ओतणारा फ्लास्कसकट. हातमोजा काढा, पाक, हात दिसू दे."

वारसितो टेबलामागे उभा राहिला. हिमाने पांढरा पडलेला फ्लास्क त्याने काठाशी धरला आणि हेंकीने सांगितले तसे समोर पाहिले. हेंकीने तीनचार फोटो काढले आणि पाठ वळवून ते पाठवायला बसला.

"ठेवा आता," लिली म्हणाली. वारसितो फ्लास्क ठेवायला गेला, पण तो सुटेना. त्याच्या ते ध्यानातही आले नाही. त्याची नजर पडद्यावरच्या त्या निरोपावर होती. बोटांची कातडी धातूला चिकटली होती आणि कडेने पांढरी पडत चालली होती.

"पाक, हलू नका," लिली हळूच म्हणाली. "चहा ओततेय बोटांवर."

तिने जवळचा ग्लास उचलून बोटांवर धार धरली. बोटे सुटली. वारसितोने मान वळवली, बोटांवरून चहा ओघळताना पाहिला आणि घाईघाईने हात मागे घेतला.

"अहो चिचि, केवढा गरम!"

लिलीने ग्लासकडे पाहिले. तळाशी बर्फाचे दोन खडे अजून शाबूत होते. तिने ग्लास पाठीमागे लपवला.

"चुकलंच माझं, पाक," ती म्हणाली. "जरा निवू द्यायला हवा होता."